फिल्टर अडतो, दूध फाटतं, पावडरचा दगड होतो : घरच्या कॉफीच्या शंका

घरच्या कॉफीबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसते. दुकान बदललं, ब्रँड बदलला, महागातली पावडर आणली, तरी चव तीच. पावडर बिचारी क्वचितच दोषी असते. घोटाळा माप, दळण, पाणी आणि दूध यांपैकी कुठेतरी असतो, आणि बहुधा एकाच ठिकाणी असतो. म्हणून खालचं काही करून बघाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळायचं नाही. आणि चमच्याच्या मापाचा नाद सोडून एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. फिल्टर नवा घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आणला. पहिला महिनाभर छान चालला. आता रात्री पाणी ओतलं तरी सकाळी वरच्या भांड्यात तसंच साचलेलं, खाली जेमतेम दोन चमचे डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क). पावडर त्याच दुकानातली आहे. काय बिघडलं? (डोंबिवली)

उत्तर : महिनाभर चालून मग अडला, म्हणजे पहिला संशय भोकांवर. वरचं भांडं रिकामं करून उजेडासमोर धरा. सगळी भोकं स्वच्छ, गोल दिसली पाहिजेत. नळाखाली धरलंत तर पाणी झारीसारखं सगळीकडून पडायला हवं. काही भागातून पडत नसेल तर तिथे कॉफीचं तेल आणि बारीक कण बसून घट्ट झालेत. नुसत्या साबणाने ते निघत नाहीत. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात हे भांडं दहा मिनिटं उकळा, मग जुन्या टूथब्रशने खालच्या बाजूने घासा. स्टीलचं भांडं सांडशीत धरून गॅसच्या मंद आचेवर मिनिटभर फिरवलं तरी चालतं. अडकलेले कण जळून राख होतात आणि ठोकलं की पडतात. स्टीलवर निळसर झाक येईल, तिने काही बिघडत नाही. पितळी फिल्टरला मात्र हा उपाय करू नका. आतल्या कल्हईतलं कथील २३२ अंशांना वितळतं, आणि गॅसची आच त्याच्या कितीतरी वर असते.

भोकं स्वच्छ असूनही अडत असेल तर पुढचा संशय हवेवर. खालच्या भांड्यात गरम डिकॉक्शन पडू लागलं की आतली हवा तापून फुगते. दोन्ही भांडी एकमेकांत गच्च बसली असतील, त्यातून सांधा ओला असेल, तर तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती खालून दाब देते आणि थेंब थांबतात. ओळखायची खूण सोपी आहे. वरचं भांडं जरासं फिरवून उचला. ‘फुस्स’ झालं आणि थेंब पुन्हा सुरू झाले, तर हाच दोष. पुढच्या वेळी सांधा कोरडा पुसा आणि वरचं भांडं जरा सैल ठेवा.

तिसरं कारण हाताचं. फिल्टरच्या आत ठेवायची दांड्याची चकती पावडर ठोकून बसवण्यासाठी नसते. तिचं काम पावडर सपाट करणं आणि पाणी एका जागी पडून खड्डा होऊ न देणं. चकतीच्या स्वतःच्या वजनाइतका दाब पुष्कळ झाला. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असलेली पावडर दाबली तर हमखास अडते, कारण चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते.

चौथं दळण. दुकानात ‘फिल्टरसाठी’ असं स्पष्ट सांगा. बोटांत चोळल्यावर पिठीसाखरेसारखी लागली तर ती फार बारीक, बारीक रव्यासारखी कणीदार हवी. घरी मिक्सरवर दळलेल्या पावडरीत भुकटी आणि भरड दोन्ही असतात. भुकटी भोकं बुजवते आणि भरड कण अर्क न सोडताच भिजून बसतात.

ओतायची रीत अशी : वीस ग्रॅम पावडर घाला, भांड्याला दोन टिचक्या मारून सपाट करा, चकती ठेवा. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा. आधी फक्त तीसेक मिली पाणी गोल फिरवत ओता. ताजी पावडर फुगून वर येईल, बुडबुडे सुटतील. भाजताना बियांत अडकलेला हा कार्बन डायऑक्साइड. तो निघून जाऊ दिला नाही तर पाणी आणि पावडरीच्या मध्ये वायूचा थर बसतो. अर्ध्या मिनिटाने उरलेलं नव्वद मिली ओता आणि झाकण ठेवा. पंधरा ते पंचवीस मिनिटांत काम व्हायला हवं. तासाच्या वर गेलं की दोष शोधायचा, रात्रभर वाट बघायची नाही.

आणि आत्ता अडलेल्या फिल्टरचं काय? चमचा घालून ढवळू नका, कण आणखी खाली बसतात. चकती हळूच वर-खाली करून बघा. तरी उतरलं नाही तर सगळं एका पातेल्यात काढा आणि पातळ सुती कापडातून गाळा. थोडी गढूळ होईल, पण सकाळ भागेल.

प्रश्न : आमची फिल्टर कॉफी पांचट होते. पावडर वाढवली तर कडू होते, पण दाट होत नाही. दूध पिशवीचंच, टोन्ड. (नागपूर)

उत्तर : कडू आणि पांचट एकाच वेळी होते याचा अर्थ पावडर कमी नाही, पाणी जास्त आहे. बहुतेक घरांत वरचं भांडं काठोकाठ भरतात. वरच्या उत्तरातलं माप पुन्हा बघा : २० ग्रॅमला १२० मिली. पावडर स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे चाळीस मिली आत राहतं आणि ऐंशी मिली डिकॉक्शन खाली येतं. दोन पेल्यांना ते पुरतं. प्रत्येकी चाळीस मिली डिकॉक्शन, शंभर मिली दूध. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून ते पहिल्यात मिसळण्याची काटकसर अनेक घरांत चालते. ते दुसरं पाणी वेगळं ठेवा, दुपारच्या एखाद्या कपात वापरा. पहिल्यात मिसळलंत की कडूपणा येतो आणि अंग जातं.

मग डिकॉक्शन उकळू नका. उकळलं की वास स्वयंपाकघरात पसरतो आणि पेल्यात कडवटपणा उरतो. दूध उकळतं घ्या, डिकॉक्शन आहे तसं त्यात घाला. फ्रीजमधलं असेल तर वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. झाकणाच्या काचेच्या बाटलीत ते दुसऱ्या दिवसापर्यंत नीट राहतं, त्यापुढे आंबूस लागतं.

दुधाचं म्हणाल तर टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. दाटपणातला फरक एवढ्यात कळेल. टोन्डच वापरायचं असेल तर ते मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत आटवा, साय धरू देऊ नका. दुधात पाणी घालायची चहाची सवय इथे सोडावी लागते. पेल्यातून वाटीत उंचावरून ओतणं दोन-तीनदा पुरे. फेस येतो, साखर विरघळते. त्यापुढे नुसती कॉफी गार होते.

प्रश्न : माटुंग्याला कॉफीच्या दुकानात विचारतात, ‘चिकोरी किती?’ शिवाय पाटीवर पीबी, प्लँटेशन ए, चेरी असं काय काय लिहिलेलं असतं. चिकोरी ही भेसळ नाही का? आणि नक्की मागायचं काय? (मुंबई)

उत्तर : सांगून घातली तर भेसळ नाही. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. वाळवून, भाजून, दळून घालतात. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिचं पीक घेतात. तिच्यात कॅफिन नसतं. रंग गडद होतो, डिकॉक्शनला अंग येतं, किंचित जळक्या साखरेसारखी चव येते आणि भाव उतरतो. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणून बारीक अक्षरं वाचा. ५३-४७ लिहिलेलं पाकीट स्वस्त असतं यात नवल नाही, त्यात जवळजवळ निम्मं कॉफी नाहीच.

न सांगता घातली असेल तर घरी कळतं. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, वर चिमूटभर पावडर भुरभुरा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी बुडायला लागते आणि जाताना तपकिरी रंगाच्या रेघा सोडत जाते.

आता पाटी. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया समोरासमोर चपट्या वाढतात. काही फळांत एकच बी वाढते आणि गोल होते, ती पीबी, म्हणजे पीबेरी. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. ‘प्लँटेशन’ म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, आणि पुढचं ए, बी हे बियांच्या आकारमानाचं. ‘चेरी’ म्हणजे अख्खं फळ वाळवून मग फोडलेली बी. तिची चव जरा रांगडी असते. धुतलेल्या रोबस्टाला ‘रोबस्टा पार्चमेंट’ म्हणतात. अरेबिकात सुवास आणि किंचित आंबटपणा, रोबस्टात कडवटपणा, फेस आणि अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन. ही सगळी नावं जात, आकार आणि प्रक्रिया सांगतात, चवीची हमी देत नाहीत. पीबीला उगाच मान आहे.

पहिल्यांदा घेत असाल तर कॉफीच्या भागात निम्मी प्लँटेशन ए, निम्मी पीबी आणि एकूण मिश्रणात चिकोरी वीस टक्के, म्हणजे दुकानाच्या भाषेत ८०-२०, मागा. दूध जास्त आवडत असेल तर कॉफीच्या भागात पाव हिस्सा रोबस्टा घालायला सांगा. काळी कॉफी पिणाऱ्यांनी चिकोरी अजिबात घेऊ नये. आणि एका वेळी दोनशे ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन आठवड्यांत बराच उतरतो. किलोभर आणून डब्यात भरण्यात बचत नाही.

प्रश्न : साखर बंद केली, गूळ घालतो. चहात कधी दूध फाटतं, कधी नाही. कॉफीत मात्र दर वेळी फाटतं. (सांगली)

उत्तर : दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ६.६ असतो. गूळ आम्लाकडे झुकणारा, कॉफी त्याहून जास्त. त्यात उकळती आच. तिन्ही एकदम मिळाले की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं. पावसाळ्यात पाणी सुटलेला, जुना, आंबूस वासाचा गूळ तर हमखास दगा देतो.

गूळ दुधात उकळू नका, एवढ्यानेच बरंच काम होतं. दूध उकळा, गॅस बंद करा, मिनिट-दोन मिनिटं निवू द्या, डिकॉक्शन घाला, ढवळा आणि सगळ्यात शेवटी किसलेला गूळ पेल्यात घाला. तरी फाटलं तर गुळाची परीक्षा घ्या. अर्धी वाटी गरम दुधात चमचाभर गूळ ढवळून पाच मिनिटं ठेवा. कडेला कण दिसले तर तो गूळ पुरणपोळीला वापरा, कॉफीला दुसरा आणा. सोड्याची चिमूट घालून दूध वाचवण्याचा उपाय काही जण सांगतात. दूध वाचतं, कॉफी साबणासारखी लागते.

गूळ नसतानाही फाटत असेल तर दूधच नासायच्या बेतात आहे. नुसतं तापवल्यावर ते टिकतं, कॉफीचं आम्ल मिळालं की टिकत नाही.

प्रश्न : लग्नकार्यात आणि आजीच्या हातची मिळायची ती जायफळाची कॉफी घरी जमत नाही. एकतर जायफळ कळतच नाही, नाहीतर काढा होतो. (नाशिक)

उत्तर : ही कॉफी फिल्टरची नाही, उकळलेल्या पाण्यात पावडर मुरवून गाळायची. दोन कपांना अर्धा कप पाणी आणि तीन लहान चमचे साखर उकळा. गॅस बंद करून दोन शीग लावलेले चमचे पावडर घाला, एकदाच ढवळा, झाकण ठेवा. चार मिनिटांत गाळ खाली बसतो. पातळ कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून भुकटी खाली उतरते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. दुसऱ्या भांड्यात दीड कप दूध उकळून त्यात हे मिसळा.

जायफळ यानंतर. चूक बहुतेकदा इथे होते : दुधात आधीच घालून उकळलं की सुवासाचं तेल उडतं आणि तुरटपणा तेवढा उरतो. सहाणेवर दुधाचे दोन थेंब घेऊन जायफळ आठ-दहा वेळा उगाळा, ते गंध बोटाने पुसून तयार कॉफीत घाला आणि मिनिटभर झाकून ठेवा. सहाण नसेल तर बारीक किसणीवर तीन-चार वेळा घासा. एवढंच दोन कपांना पुरतं. विकतची जायफळपूड वासाला मेलेली असते, मग माणसं चमचाभर घालतात आणि त्याचा काढा होतो. शिवाय जायफळ जास्त झालं की ते गमतीचं राहत नाही. अख्ख्या जायफळाएवढी पूड एकदम पोटात गेली तर चक्कर, धडधड, भ्रम होऊ शकतो. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून जायफळ होतं, तिकडून कोणी येणार असेल तर कवचासकट मागवा. कवचातलं वर्षभर वास धरून राहतं.

प्रश्न : पावसाळ्यात इन्स्टंट कॉफीचा बाटलीतच दगड होतो. फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी वाईट. (रत्नागिरी)

उत्तर : होणारच. गार बाटली दमट हवेत उघडली की आत दव धरतं. फ्रीजमधून बाहेर काढा, लहान कोरड्या बाटलीत आठवड्यापुरती काढून घ्या, बाकीची मोठी बाटली उघडूच नका. चमचा कोरडा हवा, आणि वाफ येणाऱ्या कपावर बाटली धरून कॉफी घालायची नाही. अर्धा दोष त्या वाफेचा असतो. गोळा झालेली पण वासाला ठीक असलेली कॉफी गरम पाण्यात विरघळते, फेकू नका. बुरशीचा वास आला तर मात्र फेका.

प्रश्न : फेटलेली कॉफी फिल्टर पावडरची का होत नाही? आणि साखरेऐवजी गोड गोळ्या चालतील का? (पुणे)

उत्तर : दोन्हींना नाही. तो फेस पाण्यात पूर्ण विरघळलेल्या कॉफीतले पदार्थ धरतात. फिल्टर पावडर विरघळत नाही आणि तिच्यातलं तेल उलट फेस मोडतं. साखर गोडीपुरती नसते, ती पाक दाट करून बुडबुडे टिकवते. इन्स्टंट कॉफी, साखर, गरम पाणी, तिन्ही दोन-दोन लहान चमचे. हाताने सात-आठ मिनिटं, बीटरने तीन. भांड्याला तुपाचा हात लागलेला असेल तर काही केलं तरी फुगणार नाही.

प्रश्न : तीन कपांचा मोका पॉट (वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढवणारं भांडं) भेट मिळाला. कॉफी जळकी लागते, मधल्या सांध्यातून वाफ सुटते, आणि एकदा बाजूच्या पितळी बटणातून फवारा उडाला. इंडक्शनवर तर तापतच नाही. धोकादायक आहे का? (पिंपरी)

उत्तर : नीट वापरला तर नाही, पण तो फवारा ही सूचना होती. ते बटण म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. वरची वाट बंद झाली की दाब तिथून बाहेर पडतो. वाट बंद होण्याचं नेहमीचं कारण चिकोरीची किंवा फार बारीक पावडर. मोका पॉटमध्ये चिकोरी कधीही घालायची नाही. निव्वळ कॉफी, फिल्टरपेक्षा किंचित भरड, जाळीची टोपली भरून बोटाने सपाट करायची, दाबायची नाही.

पाणी त्या व्हॉल्व्हच्या खालच्या कडेपर्यंतच. तो बुडता कामा नये. आधीच उकळलेलं पाणी ओता, म्हणजे पावडर कोरडी तापत बसत नाही. जळक्या चवीचं अर्धं कारण ते. उरलेलं अर्धं मोठ्या आचेचं. सर्वांत लहान बर्नर, मंद आच, झाकण उघडं. मधासारखी धार येऊ लागेल, मग रंग फिका होईल आणि खुळखुळ सुरू होईल. त्याच क्षणी उतरवा आणि तळ ओल्या फडक्यावर टेका. खुळखुळ संपेपर्यंत थांबलात तर वाफ पावडर भाजत राहते. गॅसच्या शेगडीवर पॉट डळमळतो, तेव्हा वर लोखंडी जाळी ठेवा.

सांध्यातून वाफ सुटते म्हणजे रबरी वायसर तरी कडक झालाय, नाहीतर कडेला पावडरीचे कण आहेत. प्रत्येक वेळी कड पुसा, आणि गरम पाण्याचं खालचं भांडं जाड फडक्यात धरून वरचं भांडं घट्ट आवळा. आवळताना वरची मूठ धरू नका, ती तुटते. वायसर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचाच. इंडक्शनला ॲल्युमिनियम चालत नाही, चुंबक चिकटणारी लोखंडी चकती खाली ठेवावी लागते. त्यापेक्षा गॅस बरा. आणि ‘तीन कप’ हे इटलीतले कप, पन्नासेक मिलीचे. आपल्या हिशेबाने दुधाच्या दोन कॉफ्या.

प्रश्न : चिखलदऱ्याहून कच्च्या, हिरवट कॉफीच्या बिया आणल्यात, पाव किलो. घरी भाजता येतील? (अमरावती)

उत्तर : येतील, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मुख्यतः चिखलदऱ्यालाच, तेव्हा जरा जपून भाजा. आधी बिया ताटात पसरून बघा. वर कागदासारखं फिकट टरफल असेल तर ते पार्चमेंट. तळहातांत चोळून, पाखडून काढायला हवं. काळ्या, भोकं पडलेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या बिया वेचून टाका. दहा खराब बिया सगळा घाणा नासवतात.

एका वेळी दीडशे ग्रॅमच घ्या. जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर चांगली तापवा, बिया टाका आणि लाकडी उलथन्याने हलवत राहा. शेंगदाणे भाजताना मधे हात थांबतो तसा इथे थांबवायचा नाही. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो. चार-पाच मिनिटांत बिया पिवळ्या पडतात, वास ओल्या गवतावरून भाजलेल्या गव्हाकडे वळतो. मग तपकिरी रंग चढतो. आठ ते दहा मिनिटांच्या सुमारास लाह्या फुटल्यासारखे ठसठशीत आवाज येऊ लागतात. हा पहिला तडका, इथपर्यंत न पोचलेली कॉफी कच्ची आणि गवताळ लागते. आवाज विरळ झाले की काळ्या कॉफीसाठी उतरवा. दुधाची करायची असेल तर आच जरा कमी करून आणखी दीड-दोन मिनिटं भाजा. दुसरा आवाज येतो तो बारीक, चुलीतल्या काटक्यांसारखा. तो सुरू होताच थांबा. त्यापुढे बियांवर तेल चकाकतं आणि मग सगळीच कॉफी एका चवीची होते, कोळशाच्या.

उतरवल्यावर कढईत ठेवू नका, आतली उष्णता भाजत राहते. सरळ सुपात ओता आणि अंगणात किंवा गॅलरीत पाखडा. पापुद्रे उडतात आणि बिया दोन-तीन मिनिटांत कोमट होतात, दोन्ही कामं एकदम. परदेशात यासाठी यंत्रं विकतात, सुपाला तोड नाही. दीडशे ग्रॅमचे साधारण सव्वाशे ग्रॅम उरतील, मुख्यतः ओलावा गेलेला असतो. काही बियांची टोकं काळी आणि मध्य फिका दिसला तर सुरुवातीची आच जास्त होती.

लगेच दळू नका. डब्याचं झाकण सैल ठेवून एक-दोन दिवस जाऊ द्या, वायू निघून जातो. मग मिक्सरच्या लहान भांड्यात अर्धंच भरून तीन-तीन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवा आणि मैद्याच्या चाळणीतून अगदी भुकटी झालेली काढून टाका. ती फिल्टर अडवते, पण वरच्या जायफळाच्या कॉफीला चालते.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. ती जेवण झालं की लगेच कॉफी घेते, दिवसाला चार कप. बंद करायची का? (ठाणे)

उत्तर : आधी वेळ बदला. कॉफीतले आणि चहातले टॅनिन डाळी, पालेभाज्या, नाचणीतलं लोह बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. कॅफिनची दिवसाची मर्यादा तिथे ३०० मिलिग्रॅम आहे. दीडशे मिली फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. म्हणजे चार कप फिल्टर कॉफी मर्यादेबाहेर, चार कप इन्स्टंट आत, पण वर दोन कप चहा झाला की तीही बाहेर जाऊ शकते. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही कॉफीसोबत घ्यायच्या नाहीत. आणि हिमोग्लोबिन कमी का आहे, हे डॉक्टरांनीच बघायचं. एकट्या कॉफीवर खापर फोडून मोकळं होऊ नका.

झोपेची तक्रार असेल तर दुपारी तीननंतर नको. पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं.

प्रश्न : चोथा गुलाबाला घालतो, पण मातीवर पापुद्रा धरतो. (कोल्हापूर)

उत्तर : थर देऊ नका. बारीक चोथा वाळून पापडासारखा होतो आणि पाणी खाली जात नाही. कुंडीत घालायचा तर उन्हात सुकवून मूठभर, वरच्या मातीत खुरप्याने मिसळून, महिन्यातून एकदा. त्याहून बरं म्हणजे खताच्या डब्यात घाला, पण बाकी ओला-सुका कचरा चार भाग असेल तर चोथा एक भाग, त्याहून जास्त नको. चिकोरीचा चोथा चिकट असतो, त्याला लवकर बुरशी धरते, म्हणून तो सुकवल्याशिवाय डब्यात टाकू नका. आणि दोन्हींपैकी कुठलाच बेसिनमध्ये ओतू नका. खालच्या वाकड्या नळीत तो तुपाबरोबर बसतो, आणि मग प्लंबर बोलवावा लागतो.